रांजणगावचा विंचू

पुण्याहून नगर रोडने निघालं की वाघोली, लोणीकंद, पेरणे, कोरेगाव भीमा अशी गावं मागे टाकत आपण सणसवाडीला येतो. इथे जॉन डिअरचे हिरवे ट्रॅक्टर तयार होतात. पुढे शिक्रापूरच्या चौकात डावीकडे चाकणचा रस्ता फुटतो आणि सरळ गेलं की रांजणगाव लागतं, महागणपतीचं आणि एमआयडीसीचं. वेगवान गाडीचा नाद असलेल्या माणसाने हा नकाशा एकदा सावकाश पाहावा. चाकणला फोक्सवॅगनची पोलो बनायची. रांजणगावला फियाटची पुंटो. हाच रस्ता नगर ओलांडून संभाजीनगरच्या पलीकडे शेंद्र्यापर्यंत नेला, तर तिथे स्कोडाची ऑक्टाव्हिया. पोलोची 1.2 जीटी टीएसआय, पुंटोची 1.4 ॲबार्थ आणि ऑक्टाव्हियाची 1.8 टर्बो व्हीआरएस. नोकरदार माणसाला जुन्या बाजारात का होईना परवडतील अशा जोरकस गाड्या मोजायला बसलं, तर त्यांतल्या तिघी या एका पट्ट्यातल्या निघतात.

मी इथे लिहिणार आहे ते मधलीबद्दल, रांजणगावच्या ॲबार्थ पुंटोबद्दल. माझ्या मते तिघींत सर्वांत जास्त गोडी तिच्यात आहे, आणि ती गोडी नव्या गाडीच्या शोरूमपेक्षा जुन्या गाडीच्या व्यवहारात जास्त नीट कळते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. इंग्लंड-अमेरिकेत हौशी माणूस स्वस्तातली जुनी स्पोर्ट्स कार म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा माझदाची एमएक्स-5 असते. दोन सीट, उघडं छत, मागच्या चाकांना जोर, 1989 पासून आजपर्यंत दहा लाखांहून जास्त बनलेली. ती भारतात कधी विकायला आलीच नाही. आपल्याकडे दोन सीटची गाडी म्हणजे श्रीमंताची दुसरी किंवा तिसरी गाडी. ज्याला एकाच गाडीत आई-वडिलांना दवाखान्यात न्यायचं आहे, दिवाळीला गावी जायचं आहे आणि रविवारी पहाटे मोकळ्या रस्त्यावर मन भरून चालवायचंही आहे, त्याच्यासाठी पाच दारांची, छोट्या अंगाची आणि मोठ्या इंजिनाची गाडी हीच स्पोर्ट्स कार. हा कमीपणा नव्हे. युरोपातही या जातीच्या गाड्यांची स्वतंत्र परंपरा आहे आणि तिच्या मुळाशी असलेल्या मोजक्या माणसांत कार्लो ॲबार्थ येतात.

हे गृहस्थ व्हिएन्नाचे, जन्म नोव्हेंबर 1908. रास वृश्चिक, म्हणून कंपनीच्या चिन्हात विंचू. तरुणपणी मोटारसायकलच्या शर्यतींत धावले, नंतर इटलीत स्थिरावले आणि 1949 मध्ये स्वतःची कंपनी काढली. सुरुवातीची कमाई सायलेन्सर विकून. लोकांच्या रोजच्या छोट्या फियाट घ्यायच्या, इंजिन मोकळा श्वास घेईल असं करायचं आणि शर्यतीत कितीतरी मोठ्या गाड्यांच्या मागे लावून द्यायच्या, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. 1965 मध्ये मोंझाच्या ट्रॅकवर वेगाचा विक्रम करायचा होता आणि त्या अरुंद गाडीत त्यांचं अंग मावेना, तेव्हा त्यांनी सफरचंदं खाऊन जवळपास तीस किलो वजन उतरवलं. पन्नाशी ओलांडलेल्या कारखानदाराने असं करावं, यातून त्या माणसाचं मन कळतं. 1971 मध्ये फियाटने त्यांची कंपनी विकत घेतली. विंचू मात्र राहिला.

तो विंचू आपल्याकडे 2015 मध्ये आला. ऑगस्टमध्ये ॲबार्थ 595 काँपेतित्सिओने, परदेशातून आयात केलेली, जवळपास तीस लाखांची. ती पाहायची आणि पुढे जायचं. ऑक्टोबरमध्ये मात्र रांजणगावात बनलेली ॲबार्थ पुंटो आली, दिल्लीची एक्स-शोरूम किंमत 9.95 लाख. 1368 सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, 145 अश्वशक्ती, 212 न्यूटन मीटर टॉर्क, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक, सोळा इंची अलॉय. शून्यापासून शंभरपर्यंत 8.8 सेकंद असा कंपनीचा दावा. दहा लाखांच्या आत इतका जोर देणारी दुसरी हॅचबॅक तेव्हा बाजारात नव्हती.

तरीही ती फारशी खपली नाही. कारणं समजण्यासारखी आहेत. ग्राहक डॅशबोर्डवर मोठा पडदा शोधत होता, मागच्या सीटवर पाय पसरायला जागा शोधत होता, आणि आपल्या गावात सर्व्हिस सेंटर आहे का हे विचारत होता. या तिन्ही प्रश्नांना पुंटोकडे ठाम उत्तर नव्हतं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 चे नियम लागू झाले. त्याआधीच फियाटने भारतातला आपला स्वतःच्या नावाच्या गाड्यांचा पसारा आवरला. रांजणगावच्या त्याच कारखान्यात 2017 पासून जीप कंपास बनू लागली होती, ती पुढे चालू राहिली. आज ॲबार्थ पुंटो शोधत येणारा माणूस पडद्यासाठी येत नाही. तो इंजिनासाठी आणि स्टिअरिंगसाठी येतो. आपल्या खऱ्या गिऱ्हाइकापर्यंत ही गाडी उशिरा पोचली, पण पोचली.

आता गाडीजवळ जाऊ.

ग्रांदे पुंटो युरोपात 2005 मध्ये आली. जॉर्जेतो जुजारो यांच्या इटालडिझाइनने फियाटच्या स्वतःच्या चमूबरोबर तिचं रूप घडवलं. 1974 ची पहिली फोक्सवॅगन गोल्फही जुजारोंचीच, त्यामुळे चाकण आणि रांजणगाव यांच्या घराण्यांत एक जुना धागा आहे. पुंटोकडे समोरून न पाहता पुढच्या चाकाच्या जरा मागे, गुडघ्यावर बसून पाहावं. नाक खाली उतरत जातं, दिवे मडगार्डवर मागे ओढलेले, बॉनेटची घडी काचेपर्यंत न तुटता जाते. खिडक्यांची खालची रेघ मागे जाताना चढते आणि मागचे दिवे खांबावर उंच बसवले आहेत, त्यामुळे गाडी उभी असतानाही वजन पुढच्या चाकांवर रेललेलं दिसतं. ॲबार्थमध्ये हीच गाडी नेहमीच्या पुंटोपेक्षा खाली बसवली आहे, जमिनीपासून 155 मिलिमीटर. टायर आणि मडगार्ड यांच्यातली पोकळी त्यामुळे कमी झाली, आणि दहा वर्षं जुन्या आराखड्याला एकदम ताठा आला. लाल पट्टे आणि ठिकठिकाणचे विंचू मला थोडे जास्त वाटतात. एक विंचू पुरला असता. पण आकार इतका पक्का आहे की पट्टे काढले तरी काही बिघडत नाही आणि ठेवले तरी नाही.

दार उघडून लावा. तो आवाज ऐकण्यासाठी अनेकांनी फियाट घेतल्या आहेत. जड, भरीव, एकदाच होणारा. त्या दाराचं वजन रोज हाताला जाणवतं, आणि नगर रोडवर भरलेला कंटेनर शेजारून गेला की त्या वजनाची किंमतही कळते.

आत बसल्यावर मात्र प्रेमाने का होईना, खरं बोलावं लागतं. डाव्या पायाला क्लचवरून उचलल्यावर टेकवायला जागा नाही. क्लचचा प्रवास लांब आहे आणि वाघोलीच्या कोंडीत तो पोटरीला कळतो. प्लास्टिक जाड आहे पण बटणांची मांडणी जुनी आहे. मागे तिघे बसले तर मधला कुरकुरतो. एआरएआयचा आकडा लिटरला सोळा किलोमीटरच्या वर आहे. उजवा पाय जड असलेल्या माणसाला गावात दहा मिळाले तरी त्याने तक्रार करू नये. ज्याला हे सगळं खुपतं त्याने पोलो जीटी टीएसआय पाहावी, आणि त्यात काहीच कमीपणा नाही. तिच्यात 105 अश्वशक्ती आहेत, पण सात गिअरची डीएसजी पेटी इतक्या सफाईने गिअर बदलते की कोंडीतही माणूस ताजा राहतो. फक्त त्या पेटीची दुरुस्ती निघाली तर खर्च मोठा, हे धरूनच घ्यावी. पोलोत गाडी आपल्यासाठी विचार करते. पुंटोत विचार, हात आणि पाय तिन्ही आपलेच लागतात.

आणि मग इंजिन. हे टी-जेट इंजिन 1985 पासून चालत आलेल्या फियाटच्या फायर या जुन्या घराण्यातलं. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड, सोळा वॉल्व्ह, आणि सायलेन्सरकडे निघालेल्या धुराच्याच जोरावर फिरणारा टर्बो. रांजणगावच्या लिनिया टी-जेटमध्ये 2010 च्या सुमारास याच इंजिनातून 114 अश्वशक्ती निघत होत्या. ॲबार्थमध्ये 145 काढल्या. कागदावर ही सगळी मोठी माहिती वाटते. रसिकाने त्यातला एकच आकडा लक्षात ठेवावा: 212 न्यूटन मीटर, 2000 ते 4000 आरपीएमच्या दरम्यान.

हा आकडा म्हणजे काय, ते मला सणसवाडीत पाहिलेल्या एका 2016 च्या पांढऱ्या गाडीत पुन्हा नीट जाणवलं. पहाट होती, पहिल्या पाळीच्या कंपनी बसेस अजून निघाल्या नव्हत्या. इंजिन तापेपर्यंत शांतपणे नेली. शिक्रापूर मागे पडल्यावर रस्ता मोकळा झाला. तिसरा गिअर, काटा दीड हजारावर. ॲक्सिलरेटर दाबला तर अर्धा-पाऊण सेकंद काही घडत नाही. साधी 1.4 पेट्रोल गाडी वाटते, जराशी आळशीच. अठराशेला समोरून एक बारीक शीळ ऐकू येते. दोन हजाराला खेच लागते. ती धक्का देऊन येत नाही, पाठ हळूहळू सीटमध्ये रुतते आणि रुततच राहते. अडीच, तीन, साडेतीन. समोर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, त्याच्या पुढे रिकामा रस्ता. ओलांडायला गिअर बदलावा लागत नाही, पाय जरा खाली गेला की ट्रॅक्टर आरशात असतो. साडेपाच हजाराच्या पुढे मात्र इंजिनाचा दम सरतो. तिथे ताणण्यात मजा नाही. होंडाचं इंजिन चालवलेल्या माणसाला वर ताणायची सवय असते आणि तो पुंटोला चुकीच्या जागी शोधतो. हिची जागा मध्ये आहे.

म्हणून ही गाडी नगर रोडची आहे असं मी म्हणतो. आपल्या रस्त्यांवर ताशी दीडशेचा प्रश्न येत नाही, आणि येऊही नये. आपल्याला लागतं ते चाळीसवरून नव्वदला जाणं: गतिरोधकानंतर, चौकानंतर, ट्रॅक्टरमागून. वेगाच्या त्या एका टप्प्यासाठीच जणू हे इंजिन बांधलं आहे, आणि ते रोज वापरायला मिळतं. मोठ्या गाड्यांचे मालक ज्या जोरासाठी पैसे मोजतात तो त्यांना वर्षातून दोनदा वापरता येतो.

स्टिअरिंगबद्दल वेगळं लिहायला हवं. ते हायड्रॉलिक आहे. आताच्या बहुतेक गाड्यांत विजेची मोटर मदत करते, बोटाने फिरतं, पण चाकाखाली काय चाललंय याची खबर हातापर्यंत येत नाही. पुंटोचं स्टिअरिंग उभ्या गाडीत जड आहे. तीसच्या पुढे ते सैल होत नाही, नेमकं होतं. मुख्य रस्ता सोडून गावाकडच्या अरुंद डांबरी रस्त्याला लागलं की त्याची खरी गंमत. डांबराची कड जिथे तुटली आहे तिथे उजवा हात सांगतो, वळणावर मुरूम पसरला असेल तर टायर निसटण्याआधी तळव्याला कळतं. सस्पेन्शन कडक आहे, पण खड्ड्यात ते आपटत नाही. एकदाच दबतं, एकदाच उठतं. इटालियन लोकांनी खराब रस्त्यांवर गाड्या चालवल्या आहेत, हे त्यांच्या स्प्रिंगांतून कळतं.

पण हे सगळं गाडी धड असेल तर. जुनी ॲबार्थ पुंटो घेताना आपण दोन गोष्टी एकदम पाहत असतो: फियाटने काय बनवलं, आणि आधीच्या मालकाने त्याचं काय केलं. सणसवाडी-रांजणगावच्या या शिरूर तालुक्यात बैलगाडा शर्यतीचा नाद जुना. इथला माणूस बैल घ्यायला गेला की आधी दात बघतो, मग खूर, मग चालवून बघतो, आणि मालकाचं बोलणं सगळ्यात शेवटी ऐकतो. गाडीचाही हाच क्रम असावा.

सणसवाडीची ती गाडी पाहायला जाताना मी सोबत नेलेल्या मिस्त्रीने मालकाला आदल्या दिवशीच फोनवर बजावलं होतं, "दादा, आम्ही यायच्या आधी गाडी चालू करू नका. गारच पाहिजे." हे सोनं आहे. गरम इंजिन बरंच काही लपवतं. गार इंजिनाला पहिला किक कसा बसतो, पहिल्या चार-पाच सेकंदांत वरून टकटक येते का, सायलेन्सरमधून काय निघतं, यात निम्मी परीक्षा होते. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय: टर्बोचं सील, किंवा वॉल्व्हची सीलं. पांढरा, गोडसर वासाचा आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा धूर म्हणजे कुलंट आत जातंय आणि हेड गॅसकेट संशयित. थंडीत सुरुवातीची वाफ मात्र निरोगी असते, तिला घाबरू नये. तेलाचं झाकण उघडून आतल्या बाजूला बोट फिरवावं. दुधाळ फेस दिसला तर व्यवहार तिथेच थांबवावा.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्या घेतो आणि इंजिनातल्याच तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. घाट चढून आल्याआल्या किल्ली फिरवून उतरणारा मालक त्या तेलाला टर्बोच्या पोटात करपवतो. मिनिटभर तसंच चालू ठेवून मग बंद करणारा मालक टर्बोचं आयुष्य वाढवतो. कोणता मालक कसा हे विचारून कळत नाही, पण बघून कळतं. सणसवाडीचा मालक जवळच्याच एका कंपनीत शिफ्टला होता. आम्ही चक्कर मारून आलो, मी किल्लीला हात घातला तर तो पटकन म्हणाला, "थांबा जरा, श्वास घेऊ द्या तिला." त्या वाक्याने मला सर्व्हिस बुकातल्या शिक्क्यांपेक्षा जास्त सांगितलं. तरी आम्ही शिक्के पाहिलेच.

बाकी खुणा हळूहळू उलगडतात. मीटर साठ हजारांच्या घरात होता. तो मागे फिरवता येतो हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून क्लच पेडलचं रबर पाहायचं, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड पाहायची, गिअरच्या मुठीवरची चमक पाहायची. साठ हजारांच्या गाडीचं रबर गुळगुळीत झालं असेल तर आकडा खोटा किंवा गाडी कायम कोंडीत चाललेली. दोन्ही सौद्यात धरायचं. टायरवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर एकाच वेळचे, एकाच कंपनीचे असतील तर मालक नेटका. पुढचे दोन वेगळे आणि मागचे दोन मूळचे, झिजलेले आणि कडक झालेले असतील, तर पैसे वाचवणारा. अशा जोरकस गाडीत टायरवर पैसे वाचवणारा माणूस ब्रेकवरही वाचवतो.

रंग सकाळच्या तिरप्या उन्हात पाहावा. पांढऱ्या गाडीत टचअप ओळखणं अवघड, म्हणून बॉनेट आणि मडगार्डच्या बोल्टांकडे बघायचं. कंपनीतून आलेल्या बोल्टच्या डोक्यावरचा रंग अखंड असतो. पाना लागला की कडा खरवडतात. मडगार्ड एकदा निघालं म्हणून गाडी टाकून द्यायची नाही, आपल्या रस्त्यांवर खरचटणं होतंच. पण त्यामागची लांब चेसी पट्टी सरळ आहे का, तिच्यावर वेल्डिंगचा नवा टाका आहे का, डिकीत स्टेपनीच्या खळग्याला सुरकुती आहे का, हे पाहताना दया दाखवू नये. आमच्या गाडीचं डावं मडगार्ड निघालेलं होतं, आतली पट्टी मूळची होती. मालकाने विचारण्याआधीच सांगितलं होतं.

गतिरोधकावरून एक चाक चढवून सावकाश उतरताना खालून खट असा आवाज आला तर लोअर आर्मचे बुश किंवा लिंक गेलेल्या असतात. हा खर्च मोठा नसतो आणि भाव पाडायला चांगला. गिअर दुसऱ्यातून तिसऱ्यात पटकन टाकून पाहावा. घासला तर पेटी उतरवावी लागेल. तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसला असताना पूर्ण दाबलं आणि आरपीएम वाढला पण वेग तसा वाढला नाही, तर क्लच घसरतोय. या गाडीत क्लचवर दोनशे बारा न्यूटन मीटरचा भार रोज येतो, त्यामुळे ही परीक्षा चुकवू नये.

आणि रिमॅप. हौशी मालकांच्या गाड्यांत हा प्रश्न येतोच. संगणकातला नकाशा बदलून टर्बोचा दाब वाढवायचा आणि आणखी तीस-चाळीस अश्वशक्ती काढायच्या. चालवायला मजा येते, मी नाकारत नाही. पण ती मजा आधीच्या मालकाने घेतलेली असते आणि तिचं बिल क्लच, पेटी आणि टर्बो पुढच्याला देतात. वर गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि विम्याचा दावा अडू शकतो. मला मूळची, हात न लागलेली गाडीच आवडते. रांजणगावच्या माणसांनी जो समतोल साधला आहे, जोर आणि चाकं, स्प्रिंग आणि ब्रेक, तो एका तारेवर उभा आहे. एक गोष्ट ओढली की बाकीच्या सैल पडतात आणि गाडी वेगवान होऊनही बेसूर होते.

कागदांकडे हौशी माणसं दुर्लक्ष करतात, कारण मन गाडीत अडकलेलं असतं. आरसी मूळ हवी. कर्ज फिटलं असेल तर आरसीवरचा बँकेचा बोजा उतरला आहे का ते पाहायचं, नाहीतर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35. नावावर करायला फॉर्म 29 आणि 30, दुसऱ्या जिल्ह्याच्या पासिंगची असेल तर आधीच्या आरटीओची एनओसी फॉर्म 28 वर. विमा आपल्या नावावर करायला चौदा दिवसांत कळवायचं, आणि लक्षात ठेवायचं की नो क्लेम बोनस जुन्या मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. थकीत चलनं आधी भरून घ्यायची. इसार देताना साध्या कागदावर का होईना चेसी नंबर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

पार्टची चिंता सगळे करतात. ती खरी आहे, पण तिला प्रमाण आहे. टी-जेट आणि कंपासचं 1.4 मल्टीएअर इंजिन एकाच कुटुंबातली आहेत, पुंटो आणि लिनियाचे ब्रेक, बुश, फिल्टर पुण्याच्या बाजारात फिरत असतात. अडतात ते ॲबार्थचे स्वतःचे दागिने: अलॉय, विंचवाचे बिल्ले, बंपरचे काही भाग. म्हणून ज्या गाडीचं इंजिन थोडं जास्त चाललं आहे पण हे भाग साबूत आहेत, ती मी कमी चाललेल्या पण बंपर बदललेल्या गाडीपेक्षा आधी निवडेन. बंपर मिळणार नाही, पिस्टन रिंगा मिळतील.

सणसवाडीचा व्यवहार झाला. गाडी घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात मिस्त्रीने टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र बदलले, जुना बेल्ट वरवर ठीक दिसत असूनही. आधी कधी बदलला याचं बिल नव्हतं, आणि या इंजिनात बेल्ट तुटला तर वॉल्व्ह पिस्टनवर आदळून सगळं हेड जातं. मग सिंथेटिक ऑइल, ब्रेक ऑइल, कुलंट, स्पार्क प्लग. मागचे दोन टायर नवे, पुढच्यांच्याच कंपनीचे. लाल पट्टे ठेवले आहेत.